विजेत्यावांचून राहिलेली शर्यत

त्र्यंबकेश्वरीं आलेला यात्रेकरू कुशावर्तांत स्नान करून व देवदर्शन आटोपून आपल्या तीर्थोपाध्यायांच्या घरीं टेकला, म्हणजे उपाध्याय त्याचें गांव व आडनांव विचारतात आणि फडताळांतून एक जाडजूड वही काढतात. आजा-पणजांपैकीं कोण केव्हां आलें, बरोबर कोण होतें, हें त्या वहींत लिहिलेलें असतें. कित्येकदां खुद्द पणजोबांच्या हातची सहीहि सांपडते. ज्याचें नांव घरांत कोणास सांगतां येत नाहीं, तो पूर्वज वहींत सुखरूप असतो. उलट, एखादा पूर्वज खरोखर येऊन गेला, पण त्याची नोंद राहून गेली, तर तीन पिढ्यांनंतर त्याची यात्रा घडली होती हें कोणी कोणास पटवून द्यावें? घडलेली गोष्ट व लिहिलेली गोष्ट यांत अंतर पडलें, म्हणजे जग लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतें.

अमेरिकेंतील एका मोटार-शर्यतीच्या बाबतींत असेंच अंतर पडलें. ६ ऑगस्ट १९७१ रोजीं नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील विन्स्टन-सेलम शहरीं ही शर्यत झाली. पहिला कोण आला, हें जमलेल्या सर्व प्रेक्षकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. तरीहि विजेत्याच्या रकान्यांत त्रेपन्न वर्षें कोणाचेंच नांव पडलें नाहीं. असें कां झालें, हें समजण्याकरितां त्या शर्यतीची जात व तींत धांवणाऱ्या मोटारी यांचा थोडासा परिचय करून घेतला पाहिजे.

मोटारींच्या कांहीं शर्यतींत केवळ शर्यतीकरितांच घडविलेलीं, एका माणसापुरतीं उघडीं वाहनें धांवतात. कांहींत मात्र गिऱ्हाइकांकरितां दुकानांत असलेल्या मोटारीच मजबूत करून व त्यांच्या यंत्रांत फेरफार करून पळविण्याचा परिपाठ पडला. दुकानांत सांठविलेल्या मालास इंग्रजींत ‘स्टॉक’ म्हणतात, म्हणून या ‘स्टॉक कार’च्या शर्यती. १९४८ सालीं बिल फ्रान्स या गृहस्थाच्या पुढाकारानें फ्लॉरिडांत ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली आणि या शर्यतींस नियमांची चौकट मिळाली. तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीस त्या काळीं ‘ग्रँड नॅशनल’ म्हणत. या श्रेणींतील मोटारी ऐसपैस व वजनदार असत आणि त्यांचीं इंजिनें सुमारें सात लिटरपर्यंतचीं असत.

एप्रिल १९६४ मध्यें फोर्ड कंपनीनें ‘मस्टँग’ ही नवी मोटार बाजारांत आणली. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानांवर मोकाट फिरणारा घोडा. मोटारीच्या तोंडावरहि धांवत्या घोड्याचेंच चिन्ह होतें. पुढचा भाग लांब, मागचा आखूड, बांधा आटोपशीर आणि किंमत तरुण माणसास झेपेल अशी. ती इतकी लोकप्रिय झाली कीं, इतर कारखानदारांनींहि तिच्याशीं स्पर्धा करण्यास त्याच धाटणीच्या मोटारी काढल्या. कॅमॅरो, फायरबर्ड, जॅव्हलिन या त्यांपैकीं होत. या साऱ्या कुळास मस्टँगच्या घोड्यावरून ‘पोनी कार’ हें नांव पडलें. पोनी म्हणजे तट्टू. १९६८ सालीं नॅसकारनें या तट्टांकरितां एक निराळी श्रेणी सुरू केली. १९७० पासून तिला ‘ग्रँड अमेरिकन’ म्हणूं लागले. तींत इंजिनावर सुमारें पांच लिटरांची मर्यादा होती.

अशा श्रेणी कशाकरितां असतात, हें महाराष्ट्रांतील बैलगाडा-शर्यती पाहिलेल्यांस निराळें सांगावयास नको. तेथें जनावराच्या दांतांवरून आदत, दुसा असे गट पाडतात. कोंवळ्या खोंडाची गांठ पुऱ्या वाढीच्या बैलाशीं पडूं नये, हा त्यांतील न्याय. पण समजा, आयोजकांनींच मोठ्या बैलांच्या शर्यतींत खोंडांस बोलाविलें आणि एक खोंड सर्वांच्या पुढें निघून गेलें, तर पहिला मान कोणाचा? विन्स्टन-सेलम येथें उभा राहिलेला प्रश्न नेमका हाच होता.

दोन श्रेणी एकत्र आणण्याचें कारण पैशांत होतें. मोठ्या मोटारी शर्यतींत उतरविण्याचा खर्च बराचसा कारखानदार सोसत असत. १९७० च्या अखेरीस फोर्ड कंपनीनें त्यांतून अंग काढून घेतलें आणि क्रायस्लरनेंहि हात आंखडता घेतला. लहान धांवपट्ट्यांवर बक्षिसांच्या रकमा बेताच्या. तेथें पुरेशा मोठ्या मोटारी जमेनात. मैदान रिकामें दिसूं नये, म्हणून १९७१ सालीं कांहीं लहान शर्यतींत ‘ग्रँड अमेरिकन’च्या मोटारींसहि धांवण्याची मुभा देण्यांत आली.

विन्स्टन-सेलमचें बोमन ग्रे स्टेडियम हें असेंच लहान मैदान आहे. फुटबॉलच्या मैदानाभोंवतीं पाव मैलाची सपाट धांवपट्टी. एक फेरी पाव मिनिटाहून थोड्याशा अधिक वेळांत पुरी होते. शर्यत होती अडीचशें फेऱ्यांची, म्हणजे साडेबासष्ट मैलांची. बिली व बॉबी मायर्स या तेथील दोघां भावांचें नांव तिला दिलेलें होतें. बॉबी १९५७ सालीं डार्लिंग्टन येथील शर्यतींत अपघातानें गेला आणि पुढच्याच वर्षीं बिलीला याच मैदानावर मोटार चालवितांना हृदयविकारानें मृत्यु आला. त्यांची आठवण राहावी म्हणून ही शर्यत होत असे. जी शर्यत स्मृति जतन करण्यासाठीं होती, तिचाच निकाल पुढें नोंदीवांचून राहावा, हा योगायोग विलक्षण खरा.

त्या शुक्रवारीं रिचर्ड पेटी प्लिमथ ही मोठी मोटार घेऊन उतरला होता. हा त्या खेळांतील सर्वांत यशस्वी पुरुष. त्याच्या नांवावर पुढें दोनशें विजय जमा झाले. बॉबी ॲलिसन हा त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी. तो मेल्विन जोसेफ यांच्या मालकीच्या मस्टँगमध्यें बसला होता. आरंभीं पेटी पुढें होता. परंतु पाव मैलाच्या पट्टीवर सात लिटरच्या इंजिनास आपली शक्ति दाखविण्यास जागाच कोठें? सरळ रस्ता सुरू होतो न होतो, तोंच ब्रेक दाबून वळावें लागतें. प्रत्येक वळणावर जड मोटारीचा भार टायरांवर पडतो. ते तापतात, झिजतात आणि पकड सोडूं लागतात. हलकी मोटार उशीरां ब्रेक दाबून लवकर वळते व लवकर वेग घेते. एका फेरींत वाचणारा वेळ क्षणाच्या अंशाइतका असेल. पण अडीचशें फेऱ्यांत त्याची बेरीज मोठी होते. ॲलिसननें पेटीस मागें टाकलें आणि शेवटचें चौकड्यांचें निशाण पडलें, तेव्हां मस्टँग पहिली व प्लिमथ दुसरी होती.

यानंतर घोटाळा झाला. ॲलिसनची मोटार ‘ग्रँड नॅशनल’ची नव्हे, म्हणून तो विजय त्याच्या त्या श्रेणींतील विजयांत धरला गेला नाहीं. मग दुसऱ्या आलेल्या पेटीस तरी विजयी ठरवावें, तर तेंहि झालें नाहीं. श्रेणींचा कडक निवाडा करणाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हे: निराळ्या नियमांनीं बांधलेल्या हलक्या मोटारीचा विजय मोठ्या मोटारींच्या यादींत कसा बसवावा? परंतु दोन गोष्टी त्यांच्या आड येतात. एक तर दोन्ही श्रेणींस एका शर्यतींत बोलाविणारे नियामकच होते. आमंत्रण त्यांचें, तर निकालाची जबाबदारीहि त्यांचीच. दुसरें असें कीं, त्याच ऑगस्टच्या अखेरीस हिकरी येथें आणि नोव्हेंबरांत नॉर्थ विल्क्सबरो येथें टायनी लंड यानें कॅमॅरो ही पोनी कारच चालवून अशाच संमिश्र शर्यती जिंकल्या, आणि ते दोन्ही विजय त्याच्या नांवावर वरच्या श्रेणींत मांडले गेले. वर्ष तेंच, मोटारीची जात तीच. एकाच्या पदरांत माप पडलें, दुसऱ्याच्या पडलें नाहीं. निवाडा विरुद्ध गेला, तर माणूस त्याच्याशीं वाद घालूं शकतो; रिकाम्या रकान्याशीं वाद कसा घालणार?

हा प्रश्न तेव्हांच धसास लागला असता, पण तसे प्रसंगच संपले. त्या वर्षीं विन्स्टन ही सिगारेट बनविणाऱ्या कंपनीनें वरच्या श्रेणीस आश्रय दिला, आणि १९७२ पासून शर्यतींची संख्या अठ्ठेचाळीसवरून एकतिसावर आली. अडीचशें मैलांहून लहान शर्यती वगळण्यांत आल्या. त्यांत बोमन ग्रेहि गेलें. तट्टांची श्रेणीहि लवकरच मावळली. रकाना तसाच राहिला.

ॲलिसनचे अधिकृत विजय चौऱ्यांयशीं मोजले गेले. डॅरेल वॉल्ट्रिपचेहि तितकेच, म्हणून दोघे बरोबरीनें चौथे. ॲलिसन मात्र आपले विजय पंचायशीं आहेत, असें ठामपणें सांगत राही. या आग्रहामागील करुण भाग पुढें उघड झाला. फेब्रुवारी १९८८ मध्यें, पन्नासाव्या वर्षीं, त्यानें डेटोना येथील पांचशें मैलांची अत्यंत मानाची शर्यत जिंकली. दुसरा आला तो त्याचाच मुलगा डेव्ही. त्याच वर्षीं जूनमध्यें पोकोनो येथें त्याला भयंकर अपघात झाला. तो वांचला, पण डोक्याच्या इजेनें स्मृतीचा कांहीं भाग कायमचा गेला, आणि मुलासह पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांनीं संपविलेली ती डेटोनाची शर्यत त्यांतच पुसली गेली. १९९२ सालीं धाकटा मुलगा क्लिफर्ड मोटारीच्या सरावांत आणि १९९३ सालीं डेव्ही हेलिकॉप्टरच्या अपघातांत निवर्तला. बापाच्या आयुष्यांतील सर्वांत गोड दिवस त्याला इतरांच्या नोंदींवरूनच कळावयाचा राहिला. वहींत होता तो विजय त्याला आठवत नव्हता. आणि ज्यासाठीं तो भांडत होता, तो वहींत नव्हता.

अखेर ऑक्टोबर २०२४ मध्यें नॅसकारनें १९७१ ची ती शर्यत ॲलिसनच्या नांवें अधिकृतपणें मांडली. विजय पंचायशीं झाले. पेटी, डेव्हिड पिअरसन व जेफ गॉर्डन यांच्यामागें चौथें स्थान त्याचें एकट्याचें झालें. त्यानंतर पुरता एक महिनाहि लोटला नाहीं, तोंच ९ नोव्हेंबर २०२४ रोजीं शहायशींव्या वर्षीं त्याचें निधन झालें. २ फेब्रुवारी २०२५ रोजीं बोमन ग्रेच्या त्या लहानशा पट्टीवर वरच्या श्रेणीच्या मोटारी पुन्हां एकदां धांवल्या, तेव्हां तेथील मागील शर्यतीपुढें विजेत्याचें नांव होतें.

पंचायशींतील एक विजय वाढल्यानें ॲलिसनचें मोठेपण फारसें वाढलें नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरेंहि आहे. परंतु तो जिवंत असतां नोंद झाली, आणि ‘माझें म्हणणें खरें होतें’ एवढें समाधान त्याला मिळालें. तीच नोंद महिनाभर लांबती, तर ती केवळ श्राद्धाची दक्षिणा ठरली असती. त्र्यंबकच्या उपाध्यायांपुढें वही उघडते, तेव्हां बहुतेक माणसें पणजोबांची सही कौतुकानें पाहतात आणि वही मिटूं देतात. त्या वेळीं क्षणभर थांबून आपल्या पिढींतील कोणाचें नांव लिहावयाचें राहिलें आहे काय, हें पाहावें. आणि घरांतील वृद्धांस जें आठवतें, तें ‘हो, असेंच झालें होतें’ असें म्हणावयास ते समोर आहेत, तोंच लिहून घ्यावें.