शेजारची भाषा आणि कुळातली भाषा : पाच गैरसमज

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना मराठी माणूस ताणा-बाणा म्हणतो. उत्तर प्रदेशातून आलेला मोमीन विणकर ताना-बाना म्हणतो. तेलंगणातून येऊन पद्मनगरात वसलेल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत मात्र तेच धागे पडुगू आणि पेका होतात. कोणत्या दोन भाषा एका कुळातल्या आणि कोणती वेगळ्या कुळातली, हे एवढ्यावरूनच लक्षात यावं. तरीही उर्दू परकी आणि तेलुगू संस्कृताची लेक, अशी समजूत सर्रास ऐकू येते. युरोपातल्या क्रोएशियन आणि बास्क या दोन भाषा समोर ठेवल्या, तर असे बरेच गैरसमज दूर होतात.

गैरसमज १ : उर्दू अरबीतून निघाली.

वस्तुस्थिती : उर्दूचं व्याकरण दिल्ली परिसरातल्या खडीबोलीचं आहे, हिंदीचंही तेच. आना, जाना, खाना, बुनना ही क्रियापदं, सर्वनामं आणि आकडे सगळे इथल्या मातीतले. अरबी-फारसीतून आले ते पुष्कळसे शब्द आणि लिपी. पण लिपीवरून कूळ ठरत नाही. मराठीचा रोजचा व्यवहार विसाव्या शतकापर्यंत मोडीत चालत होता, मोडी गेली म्हणून मराठीचं कूळ बदललं नाही. क्रोएशियन रोमन लिपीत लिहितात, सर्बियन सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत. दोन्हींचं प्रमाण रूप एकाच श्तोकावियन बोलीवर उभं आहे आणि बोलणाऱ्यांना एकमेकांशी दुभाषा लागत नाही. धर्मावरूनही भाषेचं कूळ ठरत नाही. भिवंडीचे जुने रहिवासी असलेले कोकणी मुसलमान घरात कोकणी-मराठी वळणाची बोली बोलत आले आहेत.

गैरसमज २ : तेलुगू संस्कृतातून आली, म्हणून ती मराठीची बहीण.

वस्तुस्थिती : तेलुगूत संस्कृत शब्द भरपूर आहेत, पण ते घेतलेले आहेत. दक्षिणेतल्या भाषांचं कूळ स्वतंत्र आहे हे फ्रान्सिस एलिस याने मद्रासमध्ये १८१६ मध्ये मांडलं आणि रॉबर्ट काल्डवेलच्या १८५६ च्या तौलनिक व्याकरणाने ‘द्राविडी’ हे नाव रूढ केलं. कूळ पाहायचं तर नाती, आकडे, शरीराचे अवयव असे घरगुती शब्द तपासावेत. मराठीतला दीर तेलुगूत ‘मरिदी’, सून ‘कोडलू’. क्रोएशियनमध्ये दिराला ‘द्येवेर’ आणि सुनेला ‘स्नाहा’ म्हणतात. संस्कृत ‘देवृ’ आणि ‘स्नुषा’ आठवा, म्हणजे दुवा जुळतो. विधवेला तिथे ‘उदोवित्सा’ म्हणतात. दोन ते पाच हे आकडे द्वा, त्री, चेतिरी, पेत असे आहेत. मराठीप्रमाणे तिथेही तीन लिंगं आहेत. हजारो मैलांवरची क्रोएशियन मराठीच्या गोतातली आहे, आणि शेजारच्या घरातली तेलुगू नाही.

गैरसमज ३ : युरोपातल्या भाषा सगळ्या एकाच कुळातल्या.

वस्तुस्थिती : स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला बोलली जाणारी बास्क कोणत्याही ज्ञात कुळात बसत नाही. तिचे आकडे बात, बी, इरू, लाउ, बोस्त. दोन हजार वर्षं लॅटिन आणि तिच्या लेकींच्या सहवासात राहून बास्कने शब्द पुष्कळ उचलले, पण गाभा आपलाच ठेवला. गंमत अशी, की बास्कचा एक नियम मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. ‘मुलगा आला’ म्हणताना कर्ता नुसता असतो, पण ‘मुलाने पोळी खाल्ली’ म्हणताना त्याला ‘ने’ लागतो. बास्कमध्येही सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळा प्रत्यय लागतो, तोही सगळ्या काळांत. मराठीने ही रचना स्वतंत्रपणे कमावली आहे. एखाद्या नियमाचं साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे.

गैरसमज ४ : कूळ वेगळं असेल, तर देवाणघेवाण वरवरचीच.

वस्तुस्थिती : शेजार फार खोलवर जातो. ‘आम्ही निघतो’ आणि ‘आपण निघू’ यातला फरक मराठी मूल न शिकवता पाळतं. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. चमच्यातला च आणि चारमधला च वेगळे उच्चारायची सवयही मराठीत आणि तेलुगूत आहे. विटीदांडूतली वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी आठवा आणि शेजारी तेलुगूचे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ठेवा. मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या द्राविडी आकडे म्हणत खेळली आहेत. याने मराठी बाटली नाही, ती घडली. शब्द घेतले की भाषा बिघडते असं मानणाऱ्यांनी हा खेळ जरूर आठवावा.

गैरसमज ५ : एकाकी भाषा असतात त्या दूर कुठेतरी, आणि त्या टिकत नाहीत.

वस्तुस्थिती : बास्कसारखीच कुळाचा पत्ता न लागलेली भाषा महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात निहाली बोलली जाते. डच अभ्यासक कॉयपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिने कोरकूकडून, मराठी-हिंदीकडून आणि द्राविडी भाषांकडून इतकं घेतलं आहे, की तिचा स्वतःचा गाभा शोधून काढावा लागतो. बोलणारे जेमतेम काही हजार. दहा हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषेचं नाव जनगणनेच्या कोष्टकात वेगळं छापलं जात नाही, त्यामुळे तिथे निहाली दिसतच नाही.

बास्कवरही स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत बंदीची वेळ आली होती. लोकांनी आपल्या भाषेच्या शाळा चालवल्या, १९६८ मध्ये बास्क अकादमीने सामायिक प्रमाण रूपाचा पाया घातला आणि १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने बास्क प्रांतात तिला स्पॅनिशबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला. आज ती लाखो लोक बोलतात. कुळात कोणी नसूनही ती मेली नाही, कारण मुलं तिच्यात शिकू लागली. भिवंडीतल्या उर्दू आणि तेलुगूमागे मोठे समाज आणि मोठं साहित्य उभं आहे. निहालीला तेवढं बळ नाही, म्हणून ती बोलणाऱ्या मुलांना पहिल्या इयत्तांत त्यांच्या बोलीत समजावणारा शिक्षक देणं हे महाराष्ट्राचं काम आहे, आणि ते आत्ताच करायला हवं.