मॉक्सी: मंगळाच्या हवेतून परतीचा ऑक्सिजन

मंगळावर माणूस उतरवण्याचा कोणताही आराखडा घ्या, हिशेब अडतो तो परतीच्या प्रवासावर. चार अंतराळवीरांना मंगळावरून वर उचलायचे तर नासाच्या अंदाजाने सुमारे ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागतो. पर्सिव्हरन्स ही रोव्हर गाडी जेमतेम एक टनाची. तिला अलगद उतरवतानाही अभियंत्यांची कसोटी लागली. मग परतीच्या टाकीतला तीन चतुर्थांशांहून जास्त भार असलेला ऑक्सिजन तिथेच का तयार करू नये? अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी १९७८ सालीच हा मार्ग मांडला होता. तो प्रत्यक्ष मंगळावर पहिल्यांदा तपासला मॉक्सीने.

पर्सिव्हरन्सच्या पोटात बसवलेले हे १७ किलोचे यंत्र. एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेचे मायकेल हेक्ट या प्रयोगाचे प्रमुख, तर माजी अंतराळवीर जेफ्री हॉफमन उपप्रमुख. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, पण ती हवा पृथ्वीच्या मानाने शंभरपटींहूनही विरळ. त्यामुळे ती आधी धूळ गाळून आत ओढायची, कॉम्प्रेसरने दाबायची आणि ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायची. पुढचे काम झिर्कोनियाच्या सिरॅमिक चकत्यांचे. विजेच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो आणि आयनांच्या रूपाने तापलेल्या सिरॅमिकमधून पलीकडे जातो. अलीकडे उरतो कार्बन मोनॉक्साइड. तो बाहेर सोडला जातो. विजेचा दाब प्रमाणाबाहेर वाढला तर मात्र मोनॉक्साइडही फुटतो, काजळी धरते आणि चकत्या निकामी होऊ शकतात. म्हणून सगळे कौशल्य हा दाब नेमका राखण्यात आहे.

२० एप्रिल २०२१ रोजी जेझेरो विवरात पहिला प्रयोग झाला. तासाभरात ५.४ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. एका अंतराळवीराला दहाएक मिनिटे पुरेल इतका. ऑगस्ट २०२३ पर्यंत दिवसा, रात्री आणि वेगवेगळ्या ऋतूंत असे १६ प्रयोग पार पडले. एकूण उत्पादन १२२ ग्रॅम, कमाल वेग तासाला १२ ग्रॅम आणि शुद्धता ९८ टक्के किंवा त्याहून अधिक. हा ऑक्सिजन साठवला नाही. मोजून पुन्हा हवेत सोडून दिला. रोव्हरची अणुबॅटरी देते ११० वॅट आणि मॉक्सीला लागत ३०० वॅटपर्यंत, त्यामुळे यंत्र सलग चालवणे शक्यच नव्हते.

खऱ्या कारखान्याला तासाला दोन-तीन किलो, म्हणजे मॉक्सीच्या दोनशेपट उत्पादन करावे लागेल, तेही वर्षभराहून अधिक काळ जवळजवळ न थांबता. त्यासाठी २५ ते ३० किलोवॅट वीज हवी. शिवाय ऑक्सिजन उणे १८३ अंशांखाली नेऊन द्रवरूपात सांभाळावा लागेल. पृथ्वीवरून मंगळाकडे निघण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी येते. त्यामुळे कारखाना एक संधी आधी पाठवायचा आणि टाकी भरल्याची खात्री झाल्यावरच माणसे निघायची, असा बेत आहे. इंधनाचे मिथेनही तिथल्या बर्फातल्या हायड्रोजनपासून बनवता येईल, पण त्यासाठी बर्फ खणावा लागेल. हवा मात्र उतरल्या जागी हजर असते.

मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढता येतो का, या प्रश्नाचा निकाल मॉक्सीने लावला आहे. आता प्रश्न उरला आहे तो विजेचा आणि यंत्राच्या टिकाऊपणाचा.