‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

सोलापूरजवळच्या होटगीसारख्या गावात पंचविशीतल्या बाईच्या पोटात वरच्या बाजूला वारंवार कळ आली, की निदान घरातच ठरतं: पित्त झालंय. शेंगाचटणी कमी कर, गोळी घे. अंदाज बऱ्याचदा बरोबरही असतो. आम्लपित्त हे नेहमीचंच कारण. पण ‘गोळीनं थांबतं ना, मग तपासणी कशाला?’ हा युक्तिवाद लंगडा आहे. पित्ताशयातल्या खड्याची कळ बहुधा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध उठते, कधी उजव्या खांद्याकडे जाते आणि काही तासांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र गोळीला. (इथं ‘पित्त’ हा शब्द अक्षरशः खरा ठरतो, हा भाग वेगळा.) गरोदरपणात संप्रेरकांमुळे पित्ताशयाची हालचाल मंदावते, म्हणून खडे तरुण बायकांतही होतात.

अशी कळ जठरातल्या व्रणाचीही असू शकते. पाळीसाठी वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी तो होऊ शकतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूनंही होतो, ज्याच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. सोनोग्राफीत खडे सहसा दिसतात. व्रणासाठी दुर्बिणीची तपासणी लागते. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण सोलापूरचं सरकारी सर्वोपचार रुग्णालय काही लांब नाही. ताप, कावीळ, डांबरासारखी काळी शौच किंवा गरोदरपणातली अशी कळ असेल, तर त्याच दिवशी जावं.