गाडीची पारख – लेखांक ६ : वेगवान गाडीचे इंटिरिअर

मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस, ऑडी आरएस ३ आणि बीएमडब्ल्यू एम २ या आपापल्या कंपनीच्या वेगवान गाड्यांच्या जिन्यातल्या खालच्या पायऱ्या. यांपैकी एकीचेही इंटिरिअर पहिल्यापासून तिच्यासाठी म्हणून आखलेले नसते. ए ४५ एसच्या दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनातून ४२१ अश्वशक्ती निघते, पण डॅशबोर्ड साध्या ए-क्लासचा. आरएस ३ मध्ये पाच सिलिंडर आणि ४०० अश्वशक्ती, मात्र तिचा मूळ सांगाडा फोक्सवॅगन गोल्फच्या कुळातला. एम २ ची केबिनही बहुतांशी २ सीरीज कूपेचीच. पुण्याजवळ चाकणला २०२१ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या एएमजी ए ३५ लिमोझिनची गोष्ट निराळी नाही.

वारशाने आलेल्या या केबिनवर स्पोर्ट विभाग मागाहून हात फिरवतो. म्हणून परीक्षण करताना आधी हेच पाहावे, की मूळ गाडीत केलेला बदल चालकाच्या कामाचा आहे की केवळ दिसण्याचा. लाल धाग्याची शिलाई, कार्बनसारखी नक्षी असलेली पट्टी, पेडलवर बसवलेला स्टीलचा पत्रा, सीटबेल्टचा भडक रंग या गोष्टी कंपनीला स्वस्तात पडतात आणि माहितीपत्रकात उठून दिसतात. सीटची चौकट बदलणे, बैठक खाली आणणे, मोड बदलण्यासाठी स्टिअरिंगवर वेगळे बटण देणे हे महागडे काम. छायाचित्रात ते फारसे दिसत नाही.

तपासणीची सुरुवात बैठकीपासून करावी, आणि तीही इंजिन बंद ठेवून. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. स्टिअरिंग वर-खाली होते तसे पुढे-मागेही पुरेसे सरकते का, आणि सीट किती खाली जाते, हे पाहावे. हॅचबॅकवरून घडलेल्या गाडीत बैठक अनेकदा उंच राहते. चालक गाडीच्या आत बसण्याऐवजी गाडीवर बसल्यासारखा होतो. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट तपासायची. युरोपात डाव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी आखलेली गाडी उजव्या हातासाठी बदलताना चाकाच्या कमानीमुळे पेडलना जागा कमी पडते आणि ते थोडे तिरके सरकतात. शोरूममध्ये हे लक्षात येत नाही, पुणे-कोल्हापूर केल्यावर कंबर सांगते.

सीटच्या बाबतीत या वर्गातले टोकाचे उदाहरण एम २ चे. २०२२ मध्ये सादर झालेल्या या गाडीत कार्बन फायबरच्या बकेट सीटचा पर्याय आहे. नेहमीच्या सीटपेक्षा ही जोडी सुमारे ११ किलोने हलकी, आणि तीव्र वळणावर शरीर जागचे हलत नाही. पण बैठकीच्या मधोमध, दोन मांड्यांच्या बरोबर मध्ये, कार्बनचा एक कठीण उंचवटा आहे. गाडीत शिरताना तो आडवा येतो आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लचवरच्या पायालाही जाणवतो. रेसच्या ट्रॅकवर याचे काही वाटणार नाही. रोज कार्यालयात जाणाऱ्याने मात्र साधी स्पोर्ट सीट घेतलेली बरी, तीही पुरेशी घट्ट धरते. बाजूच्या फुगवट्यांची उंची आणि त्यांच्यातले अंतर प्रत्यक्ष बसूनच ठरवावे. आकड्यांवरून ते कळत नाही.

बैठकीनंतर बटणे. गाडी जितकी वेगवान, तितका चालकाला रस्त्यावरून नजर हटवायला वेळ कमी, आणि नेमक्या याच दशकात बटणे पडद्यात गेली. ‘वी बिलॅगारे’ या स्वीडिश मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना एसी, रेडिओ, दिव्यांचा उजेड अशी ठरावीक कामे उरकायला किती वेळ लागतो, हे मोजले गेले. बटणांनी भरलेल्या २००५ च्या व्होल्वो व्ही ७० ला १० सेकंद पुरले आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या, पडद्यावर विसंबलेल्या एमजी मार्व्हल आरला ४४.६ सेकंद लागले आणि १,३७२ मीटर. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदतीचे बटण यांच्यासाठी हाताला लागणाऱ्या स्वतंत्र कळा असाव्यात, अशी अट गुणांना जोडली आहे.

या कसोटीवर तिघींत मोठा फरक पडतो. आरएस ३ च्या मधल्या पडद्याखाली एसीच्या कळांची ओळ शाबूत आहे. तापमान बदलायला नजर खाली न्यावी लागत नाही. त्याच गाडीत आवाजासाठी दिलेली स्पर्शाची गोल चकती मात्र हाताळायला विचित्र. एम २ मध्ये १२.३ आणि १४.९ इंचांचे दोन पडदे एकाच वक्र काचेखाली येतात आणि पंख्याचा वेग बदलण्यासाठी पडद्यात शिरावे लागते. एवढे असूनही गिअरच्या शेजारी पडदा हाताळण्याची, आयड्राइव्हची फिरती कळ टिकली, हे नशीब. २०२४ च्या नव्या १ सीरीजमधून ती काढून टाकली गेली. स्टिअरिंगवरची एम १ आणि एम २ ही दोन लाल बटणे मात्र खऱ्या कामाची. इंजिन, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची आपल्या पसंतीची जुळणी त्यांत साठवता येते, आणि घाटात अंगठ्याच्या एका दाबाने गाडीचा स्वभाव बदलतो. एएमजीच्या स्टिअरिंगखाली बसवलेली, छोटे पडदे असलेली मोडची कळ याच जातीची. हातात घेतल्याशिवाय तिचा उपयोग पटत नाही.

या विषयातला सर्वांत सुरेख तोडगा आता उत्पादनात नाही. २०१४ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीत मधला पडदाच नव्हता. नकाशापासून वेगापर्यंत सगळे चालकासमोरच्या एका पडद्यावर. एसीच्या कळा हवेच्या गोल झरोक्यांच्या मध्यभागी बसवलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर बोटभर आकाराचा पडदा. हवा जिथून येते तिथेच हात न्यायचा, कळ फिरवायची, आकडा तिच्यावरच वाचायचा. डॅशबोर्डवर त्यामुळे जागा मोकळी राहिली आणि वेगळे शिकावे लागेल असे काही उरले नाही. २०२३ मध्ये टीटीचे उत्पादन थांबले. ऑडीच्या पुढच्या गाड्यांत झरोक्यांतल्या कळांची ही कल्पना का उतरली नाही, हे कोडेच आहे; खर्च हे त्याचे सरळ उत्तर असू शकते.

भारतात एक किरकोळ गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपीय गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. वर्षानुवर्षे मारुती किंवा ह्युंदाई चालवलेला माणूस पहिले काही दिवस चौकात वळताना वायपर चालू करतो. हा दोष डिझाइनचा नव्हे, सवयीचा.

साहित्य पाहताना हात कुठे पडतो याचा क्रम धरावा: स्टिअरिंग, गिअर, दाराची मूठ, कोपराखालचा आधार. इथे अस्सल चामडे, थंड लागणारा धातू आणि जाड फोम हवा. गुडघ्याखाली कठीण प्लास्टिक असणे या किमतीत क्षम्य. दाराच्या पॅनेलवर वरून खाली बोटाच्या पेराने टकटक करत गेले, की मऊ आवाज कुठे संपतो आणि पोकळ आवाज कुठे सुरू होतो ते नेमके कळते. कंपनीचा हात कुठे आखडला ती रेषा तीच. हीच टकटक मागच्या दारावरही करावी, कारण पहिली काटछाट बहुधा तिथे होते. चकचकीत काळे प्लास्टिक शोरूममध्ये भुरळ घालते, पण बोटांचे ठसे, धूळ आणि फडक्याचे बारीक ओरखडे ते पहिल्या वर्षातच मिरवू लागते. अल्कँतारा हे चामडे नसून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे कापड आहे. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत त्याचा शोध लागला आणि ते इटलीत बनते. पकड उत्तम, चकाकी शून्य. कोकण-गोव्याच्या दमट हवेत, घामट हातांखाली त्याची लव मात्र लवकर बसते आणि स्टिअरिंग तुळतुळीत होते. सीटला ते चालते, स्टिअरिंगला छिद्रांचे चामडे अधिक टिकते. डॅशबोर्डचा माथा गडद आणि चकाकी नसलेल्या पोताचाच हवा. फिकट रंग देखणा दिसतो, पण दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते.

वास आणि आवाज यांचीही पद्धतशीर परीक्षा होते. ऑडीच्या इंगोलश्टाटच्या कारखान्यात १९८५ पासून वास तपासणारा खास गट आहे. केबिनमधल्या प्रत्येक साहित्याचा तुकडा बरणीत घालून ८० अंशांवर दोन तास तापवतात आणि मग हुंगून १ ते ६ अशी श्रेणी देतात, १ म्हणजे गंधहीन. ग्राहकाने एवढेच करावे, की उन्हात उभी असलेली गाडी दाखवायला सांगावी आणि दार उघडून वास घ्यावा. आवाजासाठी खडबडीत रस्ता हवा: टणक सस्पेन्शनमुळे साध्या गाडीत न जाणवणारी करकर इथे दारातून आणि झरोक्यांतून ऐकू येते. इंजिनाचा स्पीकरमधून वाढवलेला नाद बंद करता येतो का, हेही विचारून घ्यावे.

मागच्या सीटला या वर्गात फार गुण देऊ नयेत. एम २ दोन दारांची आहे. मागे प्रौढ माणूस बसतो, पण खुशीने नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने मीटर पाहण्याआधी चालकाच्या सीटचा दाराकडचा फुगवटा पाहावा. चढता-उतरता तोच आधी घासतो, आणि त्याचे चामडे फाटलेले असून मीटरवर जेमतेम दहा हजार किलोमीटर दिसत असतील, तर आकड्यापेक्षा चामड्यावर विश्वास ठेवावा.