गोमतीत बुडालेली पोथी आणि आग्र्याचे पाच मित्र

व्यापारी घराण्यातला मुलगा कविता लिहू लागला, की घरात आधी कौतुक होते आणि मग काळजी सुरू होते. कौतुक बहुधा आईचे, काळजी वडिलांची. वहीच्या मागच्या पानांवर हिशेबाऐवजी ओळी दिसू लागल्या, की पेढीवरची वडील माणसे एकमेकांकडे सूचकपणे पाहू लागतात. हा अनुभव आजचा नाही. सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी जौनपूरच्या एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या मुलाला वडीलधाऱ्यांनी हेच ऐकवले होते. अति विद्या ब्राह्मणाला आणि भाटाला शोभते, वाण्याच्या पोराने दुकानात बसावे, फार शिकणारा शेवटी भिक्षा मागतो, असा त्या उपदेशाचा आशय होता. उपदेश करणारे शत्रू नव्हते. घराची चूल कशावर पेटते, हे त्यांना ठाऊक होते, एवढेच.

तो मुलगा म्हणजे कविवर बनारसीदास. जन्म १५८६ चा, पित्याचे नाव खरगसेन. या उपदेशाची हकिगत त्याने स्वतःच पुढे ‘अर्धकथानक’ या आपल्या पद्यमय आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे, तीही कोणताही राग न धरता. हिंदी परंपरेतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. ते एका जैन व्यापाऱ्याने लिहिले, ही गोष्ट आपल्या समाजात पुरेशी परिचित नाही.

चौदाव्या वर्षी त्याने पंडित देवदत्तांकडे नाममाला, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास केला. मुनी भानुचंद्रांच्या सहवासात धर्मग्रंथ वाचले. आणि त्याच काळात हजारेक पद्यांची एक पोथी रचली. तीत नवरस होते खरे, पण भर होता तो शृंगारावर. मित्रांमध्ये ती आवडीने वाचली जात असे. पुढे वि. सं. १६६२ च्या सुमारास, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा असताना, एके दिवशी तो मित्रांना घेऊन गोमतीच्या पुलावर बसला. पोथी वाचता वाचता त्याच्या मनात आले, की एक खोटे बोलणाराही दुर्गतीला जातो. मग आपण तर सगळी पोथीच कल्पित गोष्टींनी भरली आहे. त्याने पोथी नदीत टाकून दिली. मित्र हळहळले. पण पाणी खोल होते, आणि पाने सुटी होऊन वाहत गेली. ती गोळा करणे कोणालाच शक्य झाले नाही.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा वैराग्याचे उदाहरण म्हणून केले जाते. त्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. पुलावरचे ते मित्र रसिक होते, पण श्रोते म्हणूनच. कविता ऐकावी, वाहवा करावी, वेळ रमणीय जावा, एवढाच त्यांचा कवितेशी संबंध दिसतो. ती रचना आज कोठेही उपलब्ध नाही. कवीचे मन फिरले आणि काव्य संपले. बनारसीदासाच्या पुढल्या आयुष्यातले मित्र मात्र निराळ्या प्रकारचे निघाले.

व्यापारात त्याला यश बेताचेच होते. वि. सं. १६६७ मध्ये पित्याने काही जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड असा माल देऊन त्याला आग्र्यास धाडले. घरातला कर्ता मुलगा म्हणून ती त्याची परीक्षाच होती. काही माल तोट्यात विकला गेला, काही जवाहीर गहाळ झाले, काहींचे पैसे बुडाले. अखेरीस बाजारात तोंड दाखवणे नकोसे होऊन तो घरीच बसू लागला. रात्री मात्र तो ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने वाचून दाखवी, आणि ऐकायला दहा-वीस माणसे जमत. सकाळी खायला घरात काही नसे. एका कचोरीवाल्याकडून रोज उधारीवर कचोरी येई. एके दिवशी बनारसीदासाने त्याला एकान्तात गाठून सारी स्थिती सांगितली. जवळ पैसा नाही, यापुढे उधार देऊ नकोस, असे प्रामाणिकपणे बजावले. कचोरीवाल्याने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खात जा, कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिने हा क्रम चालला. पुढे धरमदास नावाच्या जवाहिऱ्याशी भागीदारी होऊन हातात थोडा पैसा आला, तेव्हा चौदा रुपयांचे ते देणे त्याने चुकते केले. आत्मचरित्रात या उधारीची रक्कमही लिहून ठेवलेली आहे. व्यापारी कुळातल्या कवीकडून दुसरे काय अपेक्षावे!

त्या कचोरीवाल्याचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

लिहिते करणारे पहिले मित्र त्याला मिळाले ते व्यापारातच. नरोत्तमदास हा त्याचा भागीदार आणि जिवलग. वि. सं. १६७० मध्ये, म्हणजे १६१३ साली, जौनपूर येथे बनारसीदासाने ‘नाममाला’ हा छोटा पद्यकोश रचला. शब्दांचे पर्याय मुखोद्गत करण्यास उपयोगी असे हे दोहे आहेत. ग्रंथ का रचला, हे सांगताना तो नरोत्तम आणि थान या दोन मित्रांची नावे घेतो आणि त्यांच्या शब्दाखातर हे काम केले असे नमूद करतो. पोथी नदीत टाकून देणारा तरुण पुन्हा लेखणीकडे वळला, त्यामागे दोन व्यापारी मित्रांचा आग्रह होता. पुढे नरोत्तमदासाच्या निधनाची बातमी पत्राने आली, तेव्हा तो शोकाकुल झाला. या मित्राच्या स्तुतीचे पद्य त्याने आत्मचरित्रातच गुंफले आहे. आश्रयदात्या राजाची स्तुती करणारे कवी पुष्कळ झाले. भागीदाराची स्तुती करणारे किती?

यानंतरची काही वर्षे गोंधळाची होती. वि. सं. १६८० मध्ये त्याच्या हाती समयसारावरील राजमल्लजींची भाषाटीका आली. निश्चयनयाची गोडी लागली, पण तिचा मेळ आचाराशी बसेना. क्रियाकांड सुटले, आणि काही सोबत्यांसह धर्माची थट्टा करण्यापर्यंत मजल गेली. लोकांनी नावे ठेवली. बनारसीदासाने हा काळ लपवलेला नाही. मित्रमंडळ मनुष्याला जसे वर उचलते तसे भरकटवूही शकते, हे त्याच्या चरित्रात उघड दिसते. पुढे गोम्मटसारावरील प्रवचने ऐकून त्याचे मन स्थिर झाले, तोवर बारा वर्षे लोटली होती.

याच सुमारास आग्र्यात जो मेळा जमला, तो जैन साहित्याच्या इतिहासात चिरंतन झाला. ‘समयसार नाटका’च्या शेवटी बनारसीदासाने पाच पुरुषांची नावे दिली आहेत: रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास. हे एकत्र बसत आणि परमार्थाची चर्चा करीत. यांत कोणी दरबारी कवी नव्हता, की कोणाला काव्यावर पोट भरायचे नव्हते. आग्रा ही त्या वेळी मुघलांची राजधानी होती. जवाहीर, कापड आणि सराफी यांचा तेथे मोठा उलाढाल असलेला बाजार होता, आणि त्या बाजाराच्या धकाधकीतून उसंत काढून ही मंडळी भेटत.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. या आणि पुढच्या पिढ्यांच्या मंडळींत श्रीमाळ होते, अग्रवाल होते, खंडेलवाल होते. बनारसीदासाचे घराणे खरतरगच्छाचे, आणि गोडी लागली ती दिगंबर आचार्य कुंदकुंदांच्या ग्रंथाची. या मिश्रणामुळे टीकाही पुष्कळ झाली. उपाध्याय यशोविजयजी आणि मेघविजयजी यांच्यासारख्या विद्वान मुनींनी या अध्यात्मी मताचे खंडन करणारे ग्रंथ लिहिले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र ज्या मंडळाचे खंडन करण्यासाठी अशा पंडितांना लेखणी उचलावी लागली, ते मंडळ फावल्या वेळच्या गप्पांपुरते नव्हते, हे निश्चित.

‘समयसार नाटका’ची जन्मकथा तर मोठी बोलकी आहे. कुंदकुंदाचार्यांचा मूळ ग्रंथ प्राकृतात, त्यावरचे अमृतचंद्राचार्यांचे कलश संस्कृतात. राजमल्लजींनी ते गद्य भाषेत सुगम केले होते. आता हेच पद्यात आले तर सर्वांना वाचता येईल, असा विचार निघाला. बनारसीदासाने तो मनावर घेतला, पण लगेच लिहायला बसला नाही. आधी त्याने त्या पाच जणांची अनुज्ञा घेतली, असे तो स्वतः सांगतो. भागीदारीच्या पेढीत मोठा सौदा करण्याआधी जसे सर्वांना विचारावे, तसेच हे झाले. वि. सं. १६९३ च्या आश्विनात, म्हणजे १६३६ साली, शाहजहानच्या राज्यात ग्रंथ पूर्ण झाला. त्यात ७२७ पद्ये आहेत. शृंगाराची हजार पद्ये नदीला देणाऱ्या कवीने तीस वर्षांनी ही ७२७ पद्ये पाच मित्रांच्या हाती दिली.

या पाचांतला कुंवरपाल विशेष ध्यानात राहतो. ‘समयसार नाटका’च्या दोन वर्षे आधी, वि. सं. १६९१ मध्ये, त्याने आणि बनारसीदासाने मिळून सोमप्रभाचार्यांच्या ‘सूक्तिमुक्तावली’चा पद्यानुवाद केला, आणि दोन मित्रांचे एक चित्त असे त्यांनी स्वतःविषयी लिहिले. दोन कवी एका ग्रंथावर काम करतात आणि मैत्री टिकते, हा योग दुर्मीळच. बनारसीदासाच्या पश्चात मंडळाची धुरा कुंवरपालानेच सांभाळली. वि. सं. १७०९ मध्ये हेमराज पांडे यांनी ‘प्रवचनसारा’वर भाषाटीका लिहिली, ती कुंवरपालाच्या प्रेरणेने. त्याच्या नावावर स्वतःची रचना थोडी आहे. दुसऱ्यांकडून त्याने जे लिहवून घेतले, त्याचा हिशेब मात्र मोठा निघतो.

१६४१ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी बनारसीदासाने ‘अर्धकथानक’ पूर्ण केले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही अर्धी कथा. तोवर त्याचे तीन विवाह झाले होते आणि नऊ अपत्ये झाली होती; दोन मुली, सात मुलगे. त्यांतले एकही हयात नव्हते. ६७५ पद्यांच्या या ग्रंथाच्या अखेरीस तो आपले गुण आणि दोष दोन्ही मांडतो, जमा आणि नावे अशा दोन बाजू लिहाव्यात तसे. उरलेली अर्धी कथा त्याच्या वाट्याला आली नाही. दोन-तीन वर्षांतच त्याचे निधन झाले असावे.

पुत्र नाही, नातू नाही. अशा माणसाच्या सुट्या रचना कोणी जपायच्या? आग्र्याच्याच जगजीवन या अग्रवाल गृहस्थाने वि. सं. १७०१ मध्ये त्या निरनिराळ्या ठिकाणांहून जमा केल्या आणि ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र बांधल्या. हा संग्रह झाला नसता, तर गोमतीतल्या पानांची जी गत झाली तीच या पदांची झाली असती. फरक एवढाच, की या वेळी कोणीतरी पाने गोळा केली.

हीच कथा आग्र्यात पुढल्या शतकात जवळजवळ तशीच घडली. आपल्याकडे सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील अनेक दिगंबर मंदिरांत पर्युषणात ज्यांच्या हिंदी पूजा म्हटल्या जातात, ते द्यानतराय आग्र्याचेच. त्यांनाही बिहारीदास आणि मानसिंह या ज्येष्ठ साधर्मींच्या सहवासाने धर्माची आणि काव्याची वाट दाखवली. त्यांच्या पश्चात पुत्र लालजी याने पित्याच्या रचनांच्या चिठ्ठ्या आलमगंजच्या झाझू नावाच्या गृहस्थाला देऊन टाकल्या. जगतराय यांना हे कळले. त्यांनी त्या साऱ्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या, विखुरल्या तर नष्ट होतील म्हणून त्यांची एकच पोथी केली आणि वि. सं. १७८४ मध्ये तिला ‘आगमविलास’ असे नाव दिले. पुत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने ते कागद असतील. ते ओळखण्यासाठी कवितेचा शेजार लागतो.

भूधरदासांची कबुली तर याहून मनोवेधक आहे. हे आग्र्याचे खंडेलवाल कवी. ‘जैन शतक’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शेवटी ते लिहितात, की आपण बालबुद्धीने खेळ म्हणून कवित्ते रचत होतो. मग हाकीम गुलाबचंद आणि हरिसिंह शाहांच्या कुळातील धर्मानुरागी मंडळी यांनी सांगितले, की हे सारे एका ठिकाणी जुळवा. त्यांनी एकदा सांगून सोडले नाही. पुन्हा पुन्हा टोचणी लावली, तेव्हा कुठे आपला आळस संपला. वि. सं. १७८१ च्या पौषात शतक पूर्ण झाले. ग्रंथ लिहून घेणाऱ्यांचे आभार सगळेच मानतात. आपल्या आळसाचा मृत्यू त्यांच्या हातून झाला, अशी साक्ष क्वचितच कोणी देतो.

‘अर्धकथानक’ मात्र तीनशे वर्षे हस्तलिखितांतच पडून होते. त्याला छापील रूप देण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. सागर जिल्ह्यातील देवरीहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पंडित नाथूराम प्रेमी यांनी आपल्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे १९४३ मध्ये त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे मुकुंद लाठ यांच्या इंग्रजी अनुवादामुळे जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. आज मुघलकालीन व्यापार, भागीदारी, उधारी आणि प्रवास यांचा अभ्यास करणारे इतिहासकार या ग्रंथाचा आधार घेतात. ज्या मुलाला पेढीवर बसायला सांगितले होते, त्याच्या कवितेतूनच त्या काळची पेढी आज आपल्याला दिसते.