सतरा चिन्हांचा पदच्छेद



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते गुरुजी आम्हांस मराठी व्याकरण शिकवीत. एखादा लांबलचक सामासिक शब्द फळ्यावर लिहून ते म्हणत, "आधी फोड करा, मग अर्थ सांगा." आज तीच शिकवण मी मोटारीच्या सांगाड्यावर कोरलेल्या सतरा चिन्हांना लावणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या चिन्हांनी मला एकदा अडचणीत आणले आणि अखेर त्यांनीच सोडविले.

काही वर्षांपूर्वी मी पैनगंगेपलीकडून एक जुनी मोटार विकत घेतली. कंपनी युरोपातील, जोडणी मात्र महाराष्ट्रातील. मध्यस्थाने चॅसी क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवर बोट ठेवून सांगितले, "ही अक्षरे युरोपची. गाडी अखंड तिकडूनच आलेली आहे." त्या एका वाक्यापोटी मी अधिक किंमत मोजली. पुढे आदिलाबादेत नोंदणीसाठी गाडी नेली, तेव्हा सांगाड्यावरून पेन्सिलीने घेतलेला ठसा आणि नोंदणीपुस्तक यांत एका चिन्हाचा फरक निघाला. धातूवर शून्य होते, कागदावर इंग्रजी 'ओ'. प्रकरण तीन महिने अडून राहिले. गाडी चोरीची तर नव्हे, अशी शंका घेतली गेली. आणि शंका घेणाऱ्यास दोष देता येत नाही.

मोटारीला दोन ओळखी असतात. पहिली नंबरपाटीची. ती गाडीची नोंदणी कोठे झाली, एवढेच सांगते. आपल्या जिल्ह्याची पाटी पूर्वी 'एपी-०१' होती. २०१४ साली तेलंगण राज्य झाल्यावर नव्या गाड्यांना 'टीएस-०१' मिळाले आणि २०२४ पासून 'टीजी-०१' मिळू लागले. यवतमाळची 'एमएच-२९' गाडी आपल्याकडे बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला आणून तिलाही येथली पाटी घ्यावी लागते. राज्ये बदलतात, मालक बदलतात, पाटी बदलते. दुसरी ओळख चॅसी क्रमांकाची. ती मात्र गाडी मोडीत निघेपर्यंत तीच राहते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२२ व्या नियमानुसार हा क्रमांक वाहनावर कोरणे बंधनकारक आहे.

आता फोड करू. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या क्रमांकात सतरा चिन्हे असतात आणि त्यांचे तीन गट पडतात. पहिली तीन चिन्हे उत्पादकाची. त्यांत आरंभीची अक्षरे प्रदेश व देश दर्शवितात: 'डब्ल्यू' जर्मनीचे, 'जे' जपानचे, 'एमए' ते 'एमई' ही भारताची. 'एमए३' म्हणजे मारुती, 'एमएटी' म्हणजे टाटा, 'टीएमबी' म्हणजे चेक प्रजासत्ताकातील स्कोडा. पुढील सहा चिन्हे गाडीचा प्रकार, बांधणी, इंजिन यांचे वर्णन करतात. शेवटची आठ चिन्हे त्या एका गाडीची स्वतःची. त्यांत बहुधा वर्ष आणि कारखाना यांचे संकेत असतात व अंती अनुक्रमांक येतो. 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही तीन अक्षरे सतरांपैकी कोठेही वापरीत नाहीत, कारण एक व शून्य या अंकांशी त्यांचा घोटाळा होतो.

मग परदेशी गाडी आपल्याकडे जोडली, तर तिचे कूळ कोणते मानावे? हा प्रश्न आपल्या देशात जुनाच आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुट्या भागांपासून मोटारी जोडण्यास प्रारंभ केला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ला येथे क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या व पुढे फियाटच्या. त्या काळी सतरा चिन्हांची पद्धत नव्हती. प्रत्येक कारखाना आपल्या रीतीने क्रमांक घाली. १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीझची आणि २००१ मध्ये औरंगाबादजवळील शेंद्रा येथे स्कोडाची जोडणी सुरू झाली, तोवर ही पद्धत जगभर रूढ झाली होती. जोडणीमागचे अर्थकारण सरळ आहे. अखंड गाडीवरील आयात शुल्क सुट्या भागांवरील शुल्कापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणून गाडी पेट्यांत भरून आणावयाची आणि येथे उभी करावयाची.

अशा गाडीवर भारताचा संकेत असू शकतो, किंवा मूळ परदेशी कंपनीचाही. कारण पहिली तीन चिन्हे मुख्यतः गाडीचा उत्तरदायी उत्पादक कोण, हे सांगतात. शेवटचा खिळा कोणत्या गावी ठोकला गेला, हे सांगतीलच असे नाही. ते गाव शोधावयाचे तर अकराव्या चिन्हाकडे पाहावे. तेथे बहुधा कारखान्याचा संकेत असतो. तो कंपनीगणिक भिन्न असल्याने तिच्याच कोष्टकावरून वाचावा लागतो. त्याच्या जोडीला गाडीवरील उत्पादकाची पट्टी आणि पहिल्या विक्रीचे बिल पाहावे. आडनावावरून घराणे कळते, जन्मगाव कळत नाही, तसेच हे आहे. मध्यस्थ कदाचित खोटे बोलला नसेल; त्याने फोड अर्ध्यावरच सोडली होती. मीही ती पुरी केली नाही आणि त्याचा दंड भरला.

शून्य आणि 'ओ' यांचा तंटाही या शास्त्रानेच मिटविला. मूळ बिलाची प्रत मिळवून मी अर्ज केला आणि त्यात लिहिले, की या क्रमांकात 'ओ' हे अक्षर येऊच शकत नाही. अर्थात चूक धातूची नसून लेखनिकाची आहे. बिलावरही शून्यच होते. नोंद दुरुस्त झाली.

आपल्या सीमाभागात जुन्या गाड्यांची ये-जा सतत चालते. अनेक कुटुंबांची वर्षांची पुंजी त्यांत गुंतलेली असते. म्हणून माझी विनंती एवढीच, की पैसे देण्यापूर्वी सांगाड्यावरची सतरा चिन्हे स्वतः वाचावीत, कागदाशी एकेक ताडून पाहावीत आणि पहिल्या तीन अक्षरांवर थांबू नये. पेन्सिल आणि कोरा कागद एवढे साहित्य त्यास पुरते. उरलेले काम आपल्या गुरुजींनी याच शाळेत शिकविले आहे: आधी फोड, मग अर्थ.