विसरलेला बहादूर

घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या कोणत्याही मुलाला सुपरहिरोंची नावे विचारा. स्पायडरमॅन, बॅटमॅन, आयर्न मॅन, हल्क... तो एका दमात दहा नावे सांगेल. त्याच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, ईदला घेतलेल्या टी-शर्टवर तेच चेहरे असतात. मग त्याच्या अब्बांना किंवा मामूंना विचारा. ते वेताळ म्हणतील, जादूगार मॅन्ड्रेक म्हणतील, त्याचा धिप्पाड साथीदार लोथारही त्यांना आठवेल. पण ‘बहादूर’ हे नाव घेतले, तर पन्नाशीतल्या माणसालाही क्षणभर थांबावे लागते. “हो, होता खरा एक. कुडता आणि जीन्स घालायचा तो ना?”

तोच तो. आज आम्हाला त्याच्याविषयी लिहायचे आहे. शाळेत शिकवता शिकवता मुलांच्या हातात काय पडते, ते आम्ही रोज पाहतो. जो नायक आम्हाला या मुलांच्या सर्वांत उपयोगाचा वाटतो, तोच नेमका विसरला गेला आहे.

इंद्रजालचे दिवस

आजच्या मुलांसाठी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. मार्च 1964 मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्याच अंकात वेताळ होता. लेखक ली फॉक यांनी हा मुखवटेधारी नायक 1936 मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांसाठी निर्माण केला होता. मॅन्ड्रेक त्यांचाच आणि वेताळाहून दोन वर्षांनी मोठा. इंद्रजाल मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत निघत असे. सुरुवातीला ते मासिक होते, पुढे पाक्षिक झाले आणि नंतर तर दर आठवड्याला अंक येऊ लागला. वेताळ आणि मॅन्ड्रेकच्या जोडीला फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर, गार्थ, माइक नोमॅड, केरी ड्रेक असे कितीतरी जण त्या पानांवर येऊन गेले. त्यांतली निम्मी नावे आज कुणाला आठवत नाहीत.

आमच्या लहानपणी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, ही पुस्तके एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर सुतळीला लटकलेली असत. विकत घेण्याइतके पैसे नसायचे. भाड्याने वाचायला देणारा दुकानदार रोजचे चार आणे घ्यायचा. एका पुस्तकावर घरातली आम्ही सगळी भावंडे आणि शेजारची चार मुले तुटून पडायचो. मराठी मिळाले तर मराठी, हिंदी मिळाले तर हिंदी. उर्दू शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांना देवनागरी झरझर वाचण्याची सवय या पुस्तकांनी लावली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

वेताळ आवडायचा, यात शंका नाही. पण तो होता परदेशी. मूळ कथेत त्याचा मुलूख ‘बंगाला’ होता. ते नाव आपल्या बंगालसारखे वाटते, म्हणून इंद्रजालने ते बदलून ‘डेंकाली’ केले. नाव बदलले, तरी चित्र तेच राहिले. जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण करणारा एक गोरा माणूस, पिढ्यान्पिढ्या. लहानपणी हे खटकत नाही. मोठेपणी ती पाने पुन्हा उघडली, की प्रश्न पडतो. त्या जंगलातल्या माणसांना स्वतःचे रक्षण स्वतः का करता येऊ नये?

चंबळचा मुलगा

या प्रश्नाचे उत्तर त्याच इंद्रजालमध्ये डिसेंबर 1976 मध्ये आले. ते म्हणजे बहादूर. लेखक होते आबिद सुरती आणि चित्रे होती गोविंद ब्राह्मणिया यांची.

त्या काळी चंबळच्या डाकूंचा विषय घरोघरी होता. 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. 1975 मध्ये ‘शोले’ आला होता. त्याच मातीतून सुरतींनी आपला नायक उचलला.

बहादूर हा भैरवसिंह नावाच्या डाकूचा मुलगा. विशाल या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मारला जातो. मुलगा अनाथ होतो आणि त्याला वाढवतो तोच विशाल. मुलाच्या मनात बापाच्या मृत्यूचा सूड असतो. पण आपला बाप खरोखर कोण होता, त्याने किती घरे उद्ध्वस्त केली, हे कळल्यावर तो सुडाची वाट सोडतो. जयगढच्या लोकांना एकत्र करून तो डाकूंशी लढण्यासाठी ‘नागरिक सुरक्षा दल’ उभे करतो. (हे जयगढ चंबळचे. आमच्या कोकणातले जयगड वेगळे.) त्याच्या सोबतीला असते बेला. कराटे शिकलेली ही मुलगी संकटात रडत न बसता दोन हात करते. त्या काळच्या चित्रकथांत अशी मुलगी फारशी दिसत नसे.

बहादूर हवेत उडत नाही. त्याच्याकडे जादू नाही, मुखवटा नाही, चारशे वर्षांची दंतकथा नाही. मार लागला तर रक्त येते. तो एकटा सगळ्यांना वाचवतही नाही. गावकऱ्यांना जमवतो, त्यांना शिकवतो आणि पोलिसांच्या बरोबरीने उभा राहतो. वेताळाच्या जंगलात लोक तारणहाराची वाट पाहतात. जयगढचे लोक स्वतःच पहारा देतात. आमच्या मते हा फरक फार मोठा आहे.

बापाचे नाव

याहून मोठी गोष्ट आहे ती त्याच्या जन्माची. बापाचा गुन्हा मुलाच्या कपाळावर लिहायचा नसतो, हे एवढ्या सोप्या रीतीने सांगणारी दुसरी चित्रकथा आम्हाला माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील चोरीच्या प्रकरणात तुरुंगात होते. मधल्या सुट्टीत मुले त्याला बापाच्या नावाने चिडवायची. तो भांडायचा, मारामारी करायचा आणि शिक्षाही त्यालाच व्हायची. उपदेश करून झाला, पालकांना बोलावून झाले. मग एका वाचनाच्या तासाला आम्ही घरून बहादूरचे एक जुने, कव्हर फाटलेले पुस्तक नेले आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले. कुणाकडे पाहिले नाही, कुणाचे नाव घेतले नाही. गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारले, “सर, बाप डाकू होता, तरी लोकांनी त्याला आपला कसा मानला?” वर्गात थोडी शांतता झाली. चिडवणे त्या दिवसापासून बंद झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो मुलगा दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला आला आणि आठवडाभर ते त्याच्याच दप्तरात होते.

आपल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. एकाने काही केले, की त्याचे घर, त्याची गल्ली, कधी कधी त्याच्या नावाचे सगळेच लोक संशयाच्या फेऱ्यात येतात. आणि आपणही काही कमी नाही. ‘त्याचा मुलगा ना, मग तसाच निघणार’ हे वाक्य आपल्याच ओट्यांवर किती सहज बोलले जाते! मुलांनी ते ऐकलेले असते.

त्याला घडवणारा माणूस

बहादूरचे जनक आबिद सुरती यांचा जन्म 1935 चा, गुजरातमधला. बालपण मात्र मुंबईच्या डोंगरी भागात, गरिबीत गेले. चित्रकथांशी आपली पहिली ओळख कशी झाली, ते त्यांनी अनेकदा सांगितले आहे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गोदीतून सैनिकांना घेऊन जाणाऱ्या गाडीमागे रस्त्यावरची मुले धावत. सैनिक खाऊ फेकत. एकदा कुणी तरी मिकी माऊसचे कॉमिक फेकले. मुलांनी त्यावर झडप घातली, पुस्तक फाटले आणि छोट्या आबिदच्या हाती त्याचा एक तुकडा आला. तो पाहून पाहून ते चित्रे काढू लागले. पुढे जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. गुजराती आणि हिंदीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातला त्यांचा ‘ढब्बूजी’ सुमारे तीन दशके वाचकांना हसवत राहिला. ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहासाठी 1993 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण आम्हाला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. लहानपणी एका बादली पाण्यासाठी होणारी भांडणे त्यांनी पाहिली होती. म्हणून वयाच्या सत्तरीनंतर, 2007 मध्ये, त्यांनी मिरा रोडला एक उपक्रम सुरू केला. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन ते एखाद्या इमारतीत जात, घरोघरी बेल वाजवत आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देत. एका नळाचा वायसर बदलायला प्लंबर सहसा येत नाही आणि थेंब थेंब गळून महिन्याला शेकडो लिटर पाणी वाया जाते, हे त्यांनी हेरले होते. पहिल्या वर्षात त्यांनी 1,666 घरांना भेट दिली आणि 414 नळांची गळती थांबवली.

नदीकाठी वुझू करतानाही पाणी जपून वापरा, ही शिकवण आपण मुलांना देतो. इथे एका लेखकाने ती शिकवण हातात पाना घेऊन जगून दाखवली. बहादूरने गावाला जमवले, सुरतींनी इमारतीला. कागदावरचा नायक आणि त्याचा लेखक एकाच वृत्तीचे होते.

मग तो विसरला का गेला?

कारण साधे आहे. बहादूरला एकच घर होते, इंद्रजालचे. सुरतींनंतर जगजित उप्पल यांनी त्याच्या कथा पुढे नेल्या. पण 1990 मध्ये इंद्रजाल बंद झाले आणि बहादूर बेघर झाला. वेताळामागे अमेरिकेतली मोठी संस्था होती. 1996 मध्ये त्याच्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला आणि ऑस्ट्रेलिया, स्वीडनसारख्या देशांत त्याची पुस्तके निघत राहिली. बहादूरच्या मागे असे बळ कुणी उभे केले नाही. कोण लक्षात राहते, हे नेहमी गुणांवर ठरत नाही. पुष्कळदा ते दुकानातल्या फळीवर ठरते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाएफ अल-मुतव्वा यांनी 2006 मध्ये ‘द 99’ ही चित्रकथा सुरू केली. अल्लाहच्या नव्याण्णव नावांत जे गुण येतात, त्यांवरून तिची कल्पना सुचलेली. दया, ज्ञान, सामर्थ्य अशा एकेका गुणाचा एकेक तरुण नायक, तोही वेगवेगळ्या देशांतला. 1258 मध्ये बगदादची ग्रंथालये नष्ट झाली, त्या ज्ञानाचा प्रकाश साठवलेले रत्नखडे ही त्या कथेची मूळ कल्पना. सुपरमॅन-बॅटमॅनच्या बरोबरीने हे नायक एका मालिकेत झळकले. बराक ओबामांनी भाषणात त्यांचे कौतुक केले. काही मंडळींनी धर्माच्या कारणावरून विरोधही केला. 2013 च्या सुमारास ती पुस्तके थांबली. आज आपल्या मुलांपैकी किती जणांना ती माहीत आहेत?

कमला खानचे मात्र वेगळे झाले. न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली ही शाळकरी मुलगी 2014 मध्ये ‘मिस मार्व्हल’ म्हणून स्वतःच्या पुस्तकाची नायिका झाली. तिच्या मागे मार्व्हलसारखी कंपनी होती, म्हणून ती पडद्यापर्यंत पोहोचली. आमच्या विद्यार्थिनींना ती फार आवडते. कुणी आपल्यासारखे नाव असलेले तिथे दिसले, की मूल सावरून बसते. तो आनंद खरा आहे आणि तो मिळायलाच हवा.

पण नायक आपल्या नावाचाच असावा, एवढ्यावर आपण थांबू नये. बहादूर मुसलमान नव्हता. त्याला लिहिणारा मुसलमान होता, चितारणारा हिंदू होता आणि वाचणारे आपण सगळे होतो. डोंगरीच्या फूटपाथवर वाढलेल्या मुलाने चंबळच्या डाकूपुत्राचे दुःख आपले मानले, म्हणून बहादूर जन्मला.

घरच्या घरी

गेल्या वर्षी आम्ही सहावीच्या मुलांना एक काम दिले. कोणतीही जादू नसलेला नायक काढा, तो काय काम करतो ते चार ओळींत लिहा. पहिले पंधरा मिनिटे मुले अडली, कारण पंख आणि लेझरशिवाय नायक असतो, हे त्यांना पटेना. मग चित्रे येऊ लागली. एकाने पुरात होडी घेऊन फिरणारा मच्छीमार काढला. एका मुलीने रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणारी आपली नानी काढली, पाठीवर केप लावून.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत इंद्रजालचे अंक पडले असतील, तर ते रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. त्यात कुडता आणि जीन्स घातलेला एक तरुण सापडला, तर ते पुस्तक मुलांच्या हातात द्या. एका संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर बसून वाचा आणि त्यांना तो प्रश्न विचारू द्या, जो आमच्या वर्गातल्या मुलीने विचारला होता. उत्तर द्यायची घाई करू नका. आधी मुले काय म्हणतात ते ऐका.